मी परवा हसले आणि मलाच कसंतरी झालं

प्रश्न: ताई नमस्कार. आमचा मुलगा सव्वा वर्षापूर्वी गेला. आत्महत्या. 19 वर्षांचा होता. त्याच्या बाबांनी आता मनावर घेतलंय की कॉलेजांमध्ये जाऊन मुलांशी बोलायचं, त्याची गोष्ट सांगायची, म्हणतात आपलं पोर गेलं पण निदान दुसऱ्या कुणाचं तरी वाचू दे. मला ते ऐकवत पण नाही, मी अजून त्याच्या खोलीचं दारही उघडत नाही. परवा धाकटी काहीतरी बोलली आणि मी खळखळून हसले, आणि लगेच वाटलं अरे देवा, मी विसरले का त्याला? धाकटी 15 ची आहे. ती म्हणते, आई तू माझ्याकडे बघतेस ना तेव्हा कळतं की तुला वाटतं मी पण जाणारे. सगळे म्हणतात सावरा, कशात तरी मन गुंतवा. पण परत बरं वाटू देणं म्हणजे त्याच्याशी बेइमानी नाही का?
– एक आई

उत्तर: ताई, तुमचं पत्र दोनतीनदा वाचलं, मग लिहायला बसले. आधी त्या हसण्याचं बोलू.

तुम्ही विसरला नाहीत. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या दोन संशोधकांनी 1999 मध्ये दुःखाबद्दल एक गोष्ट मांडली, मला ती फार पटते. ते म्हणतात माणूस दुःखात एका जागी थांबत नाही, तो झोक्यासारखा येतजात राहतो, कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो तर कधी बाहेर येऊन बिलं भरतो, पोरीचा अभ्यास घेतो, हसतो पण, आणि परत आत जातो. आणि हे दोन्ही लागतं, एकातच अडकलं तर माणूस झिजतो. तुमचं हसणं म्हणजे झोका एकदा इकडे आला एवढंच. परत तिकडे जाणारच आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

आत्महत्येनंतरच्या दुःखात एक जास्तीचा काटा असतो, मला कसं कळलं नाही हा. आज मागे वळून बघताना त्याचं प्रत्येक गप्प बसणं खूण वाटतं, पण तेव्हा शेवट माहीत नव्हता ना ताई, तेव्हा ते एका 19 वर्षांच्या मुलाचं गप्प बसणं होतं. आणि यामागे एकच एक कारण जवळजवळ कधीच नसतं, त्यामुळे "का"चं पूर्ण उत्तर कदाचित मिळणारही नाही. हे लिहिताना मलाही जड जातंय.

आता बाबांचं. ते लवकर सावरले असं समजू नका, काही माणसांचं दुःख हातापायातून बाहेर पडतं, काहीतरी केल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. त्यांचा हेतू सोन्यासारखा आहे. जगात दरवर्षी 7 लाखांहून जास्त माणसं आत्महत्येने जातात, यावर बोलायलाच हवं. पण घाई नको. तरुण मुलांसमोर बोलायचं तर कसं केलं ते अजिबात सांगायचं नाही, एकाच कारणावर बोट ठेवायचं नाही, आणि तो आता त्रासातून सुटला असं तर चुकूनही म्हणायचं नाही, कारण ऐकणाऱ्यांत कुणीतरी आधीच काठावर उभं असतं. सोबत मानसिक आरोग्याचं काम करणारं माणूस हवंच. आणि सगळ्यात आधी धाकटीला विचारायला हवं, कारण ती गोष्ट तिच्या मैत्रिणींपर्यंत पोचणार आणि ती तिच्या भावाची पण आहे. ती नको म्हणाली तर थांबा.

एडविन श्नाइडमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी सगळं आयुष्य आत्महत्या कशा टाळता येतील यावर काम केलं. त्यांचं म्हणणं होतं की मागे राहिलेल्यांना सांभाळणं हेच पुढच्या पिढीला वाचवणं आहे. म्हणजे बघा, बाबा जे काम शोधायला बाहेर निघालेत ते तुमच्या घरात चालूच आहे. तुम्ही तिघं रोज एकमेकांना धरून उठता हे मी त्याच कामात धरते.

धाकटी जे बोलली ते फार धीराचं बोलली. तिच्यावर लांबून नजर ठेवण्यापेक्षा तिला सरळ विचारा, तुला कधी जगावंसं वाटत नाही असं होतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला दार मिळतं. हो म्हणाली तर रागवू नका, रडलात तरी चालेल, तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि एक, भावंडांना सगळे विचारतात आईबाबा कसे आहेत, तू कशी आहेस हे कुणी विचारतच नाही. तुम्ही विचारा.

तुमच्याही मनात त्याच्याकडे निघून जावं असं येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, आजच, किंवा हेल्पलाइनला फोन करायचा. एवढ्या महिन्यांनंतरही झोप, जेवण, रोजची कामं काहीच जमत नसेल तरी मदत घ्या, त्यावर उपचार असतात. ज्यांचं मूल असंच गेलंय अशा आईबापांचा गट मिळाला तर एकदा जाऊन नुसतं बसून या, बोललंच पाहिजे असं नाही.

ते "सावरा" म्हणणारे राहू देत. घरात त्याचं नाव घ्या, तो कसा चिडायचा, कशावर हसायचा हे बोला. त्याचं आयुष्य 19 वर्षांचं होतं, त्यातला शेवटचा एक दिवस म्हणजे तो नव्हे.

खोली तुम्हाला जमेल तेव्हा उघडा. फक्त धाकटीला एकदा विचारून बघा, दादाच्या खोलीतलं तुला काही हवंय का. बहुतेक हवं असेल आणि तुम्हाला रडू येईल म्हणून ती बोलत नसेल.