गायनवृंद आणि बँडचं शेवटचं गाणं एकत्र करायचंय. तालमी किती लागतील?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तालुक्यातल्या शाळांमधली निवडक 40 मुलं गाणार, 12 जणांचा बँड, जानेवारीत समुद्राजवळच्या मैदानावर संध्याकाळचा मोठा कार्यक्रम, शेवटचं गाणं दोघांनी मिळून, तालमी किती धरायच्या? आणि जाता जाता लिहिलंय, की गाण्याच्या बाईंनी मुलांना काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) बसवलंय, पण 'काळ्या पट्टीत बँड वाजत नाही' म्हणून बँडऐवजी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावायचा विचार चाललाय.

तालमींचं नंतर बघू. ते शेवटचं वाक्य ज्याने कोणी सांगितलं, त्याने बँडचा नोटेशनचा कागद कधी नीट वाचलेला नाही.

ट्रम्पेट, क्लॅरिनेट, टेनर सॅक्सो ही बी फ्लॅटची वाद्यं. वादक कागदावरचा सी फुंकतो तेव्हा पेटीवरची काळी पाच ऐकू येते. म्हणून त्यांचा पार्ट काळ्या-पांढऱ्या धरून दोन पट्ट्या वर लिहायचा. असं लिहिलं की पेटीची काळी चार त्यांच्यासाठी बी फ्लॅट मेजर होते. दोन फ्लॅट, म्हणजे दोनच स्वर अर्धे उतरवून वाजवायचे (शार्प म्हणजे अर्धा चढवून). शिकायला लागल्यावर हीच स्केल पहिल्या दोन-तीनात येते. आल्टो सॅक्सो ई फ्लॅटचा, त्याला एफ मेजर, एकच फ्लॅट. काळी पाच आणि काळी दोन याहून सोप्या, काळी एकमध्येही बी फ्लॅटवाल्याला तीनच फ्लॅट. नडतात त्या पांढऱ्या. पांढरी दोनमध्ये क्लॅरिनेटला चार शार्प आणि आल्टोला पाच. पांढरी सहामध्ये क्लॅरिनेटलाच पाच. म्हणजे पेटीवर जे सोपं दिसतं तेच बँडला काटे टोचवतं.

याच हट्टापायी एका कार्यक्रमात काय झालं ते सांगतो. जागा आणि नावं सोडा. मुलं काळी चारमध्ये छान बसली होती. 'काळी नको' म्हणून कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी सगळ्यांना अर्धा स्वर खाली, पांढरी पाचवर आणलं. तडजोड म्हणे. क्लॅरिनेटच्या मुलांच्या कागदावर आता तीन शार्प: एफ, सी आणि जी. त्या पट्टीत कागदावरचा सी शार्प म्हणजे गाण्याचा शुद्ध गंधार. तालमीत जमत होतं. स्टेजवर दिवे डोळ्यांवर आले, तिघांपैकी दोघं शार्प विसरले आणि साधा सी फुंकला. साधा सी म्हणजे कोमल गंधार. गाणं बिलावल अंगाचं, म्हणजे सगळे स्वर शुद्ध, वर 40 मुलं शुद्ध गंधार लावतायत, खाली दोन क्लॅरिनेटं कोमल. ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते कळत नाही, फक्त मुलं बेसूर वाटतात. प्रेक्षकांत कुजबुज झाली ती गाणाऱ्या मुलांबद्दल. शिवाय मंद्र पंचमावर येणारी ध्रुवपदाची शेवटची ओळ अर्धा स्वर खाली गेल्याने लहान मुलींना लागलीच नाही, नुसता वारा बाहेर पडत होता. मूळ काळी चार ठेवली असती तर यातलं काहीही झालं नसतं. कागद नव्याने लिहायला एक संध्याकाळ लागली असती.

तेव्हा बाईंची पट्टी हलवू नका, कागद हलवा. बँडमास्तर कानाने बसवणारे असतील आणि नोटेशन लिहिणारं कोणी नसेल तर गोव्याकडे विचारा. तिकडे चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकवायची जुनी रीत आहे, लिहून देणारा माणूस सापडतो.

आता पेटी. पेटीची पांढरी सहा मोबाइलच्या ट्यूनरवर तपासा. 440 हर्ट्झच्या (बँड ज्यावर लावतात तो ठरलेला सूर) आसपास असेल तर ठीक. जुनी पेटी चढी असेल तर तिला साथीतून काढा आणि कीबोर्ड घ्या. ट्रम्पेटची स्लाइड बाहेर ओढून सूर उतरवता येतो, पण स्लाइड पूर्ण आत गेल्यावर चढवायला जागाच उरत नाही. उतरी पेटी एक वेळ चालवून घेता येते, चढी नाही.

किनाऱ्यावर आणखी एक गोम. मैदानावर पाच वाजता उन्हात बँड सुरात लावला आणि गाणं साडेआठला आलं, तर मधे तापमान सात-आठ अंशांनी पडलेलं असू शकतं. फुंकून वाजवायच्या वाद्यांचा सूर हवेच्या तापमानाबरोबर अंशाला साधारण तीन सेंट हलतो (100 सेंट म्हणजे अर्धा स्वर). हिशेबाने वीसेक सेंट उतार. वाजवताना फुंकीने वाद्य आतून गरम राहतं म्हणून प्रत्यक्षात कमी, पण अर्धा तास मांडीवर पडलेलं ट्रम्पेट पहिल्या ओळीत उतरं लागणारच. कीबोर्ड मात्र तिथेच. उपाय फुकटचा आहे: एन्ट्रीच्या तीन मिनिटं आधी सगळ्यांनी आवाज न काढता वाद्यात गरम श्वास सोडत राहायचा, मग विंगेत हळू एक लांब सूर. ढोलकी-पखवाजाची पानं दवाने उतरतात, त्यामुळे तीही आयत्या वेळी लावायची, दुपारी लावून उपयोग नाही. क्लॅरिनेटच्या जास्तीच्या दोन-दोन रीड (फुंकायच्या तोंडावरची पातळ पट्टी) डबीत सपाट ठेवा, दमट हवेत त्या वाकतात. नोटेशनचे कागद स्टँडला कपड्यांच्या चिमट्यांनी लावा, प्रत्येक स्टँडला चार. दोन लावले की खालचा कोपरा उलटून वरच्या ओळीवर येतो, तोही नेमका अंतऱ्यात. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, दिव्यात चमकतात.

12 जणांत ट्रम्पेट दोनच ठेवा. मुलं गात असताना क्लॅरिनेट, आल्टो आणि युफोनियम एवढेच, तेही लांब सुरांवर. ट्रम्पेटने दोन ओळींच्या मधल्या म्युझिकमध्ये बोलायचं. बास ड्रमच्या पानाला आतून टॉवेल लावा. बँड मुलांच्या मागे बसवण्याची चूक सगळे करतात, फोटो छान येतो म्हणून. मग ट्रम्पेटचं तोंड थेट मुलांच्या माईकमध्ये. बँड एका बाजूला, तिरका, शक्यतो स्टेजखाली. मुलं तीन ओळींत 13, 13, 14. माणशी दीड फूट धरलं तर 21 फूट लागतात. पायऱ्या आठ इंचांच्या, सुताराकडून करून घ्या. शाळेची बाकं एकमेकांवर चढवू नका, ती मधल्या मुलाच्या वजनाने सरकतात.

माईक तीन कंडेन्सर, उंच स्टँडवर, पहिल्या ओळीपुढे तीन फूट, तोंड मागच्या ओळीकडे. मुलांपासून माईक जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन माईकमध्ये, म्हणजे इथे नऊ फूट. त्यांना मिक्सरमधून 48 व्होल्ट द्यावा लागतो, साऊंडवाल्याला आधीच विचारा. वाऱ्यासाठी फोमच्या टोप्या हव्यातच. स्पीकर माईकच्या ओळीच्या पुढे, नाहीतर शिट्टी मारणार.

आवाजाला दर मीटरला तीन मिलीसेकंद लागतात. ड्रम आणि शेवटचा मुलगा यांच्यात 15 मीटर असतील तर 45 मिलीसेकंद, आणि प्रत्येक जण ऐकून वाजवत असेल तर लय प्रत्येक ओळीला मागे पडते. म्हणून लय दाखवणारा हात एकाचाच, आणि सगळ्यांनी तो हात बघायचा. पेटीवर बसून मान डोलावून चालवणं बँडला दिसत नाही. बाई पेटीवर असतील तर हात दुसऱ्याने धरावा, बाहीवर पांढरं कापड बांधून. तपासायचं असेल तर तालमीत राष्ट्रगीत दोघांनी मिळून घ्या आणि घड्याळ लावा: 52 सेकंदांच्या जागी 60 गेले तर तुमची लय ओढली जातेय.

सत्कार आणि भाषणं आधीच उरका. शेवटच्या गाण्याआधी पाहुणे पाच मिनिटं म्हणून पंचवीस मिनिटं बोलले की वाद्यं थंड, मुलं उभी राहून दमलेली, आणि रात्री 10 नंतर परवानगीशिवाय स्पीकर चालत नाही हेही डोक्यावर.

आता राहिलेल्या अटी. वरचं सगळं पितळी आणि रीडच्या वाद्यांच्या बँडबद्दल आहे. बासरी आणि ट्रॉम्बोन जसं ऐकू येतं तसंच वाचतात, त्यांना काळी चारमध्ये चार फ्लॅट येतात, म्हणून त्यांना मोजके लांब सूर द्या. बँडवाल्यांच्या बोलण्यात तेवढं तथ्य आहे. नुसते बिगुल असतील तर त्यांना एकाच सुराची सा-ग-प मालिका मिळते, सुरुवातीची ललकारी देऊन बाजूला बसवा. बॅगपाइप असेल तर त्याचा वेगळा आयटम करा, त्याचा सूर 440 च्या बराच वर असतो आणि कोणासाठी उतरत नाही. गाणं बिलावल अंगाचं नसेल तर शार्प-फ्लॅटचा हिशेब पुन्हा करा. आवाज फुटलेल्या आठवी-नववीच्या मुलांना 'बारीक गा' म्हणू नका, खालच्या सप्तकात तीन-चार स्वरांची वेगळी ओळ द्या.

तालमी: दोघांच्या वेगवेगळ्या आठ-आठ, एकत्र चार, त्यातल्या दोन त्याच मैदानावर आणि संध्याकाळी साडेआठलाच.