जळगावात एमएस्सी फिजिक्स करतोय. रेडिओथेरपी प्लॅनिंग शिकायला सुरुवात कुठून करू?

भाऊ, सॉफ्टवेअरच्या मागे नंतर लाग, आधी सीटी स्कॅनच्या एकेका चकतीवर, किरण कुठे द्यायचे त्या भागाभोवती रेघा मारायला शीक. दिसते ती गाठ जीटीव्ही. भोवतीचा न दिसणारा फैलाव धरला की सीटीव्ही. पेशंट रोज टेबलावर तंतोतंत तसाच झोपत नाही, म्हणून आणखी काही मिलिमीटर सोडले की पीटीव्ही.

आपल्या खान्देशात तंबाखू काय कमी आहे? तोंडाच्या कॅन्सरचीच केस घे. ऑपरेशन झालं असेल तर जीटीव्ही उरतच नाही. त्या जागेला रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), एकूण 60 ते 66. मज्जारज्जू मात्र साधारण 45 च्या आत. खरी ओढाताण तिथेच.

सरावाला मॅटरॅड हे प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. नोकरीसाठी एमएस्सीनंतर बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) वर्षाचा डिप्लोमा किंवा त्याच तोडीचा मान्यताप्राप्त कोर्स लागतोच.