नाक वरखाली करणारा ऑटोपायलट

प्रश्न : अमेरिकेत घरीच बांधलेल्या आरव्ही-७ या छोट्या विमानात ऑटोपायलट बसवलाय. अल्टिट्यूड होल्ड (उंची आपोआप कायम राखणारी सोय) लावला की विमान नाक सारखं वरखाली करतं. सर्वो (ऑटोपायलटची विमानाची नियंत्रणं हलवणारी मोटर) बदलू का?

उत्तर : थांबा हो, लगेच पैसे नका घालवू! आधी सर्वोचं लिंकेज, म्हणजे नियंत्रणांना जोडणारे दांडे बघा, रॉडचा बोल्ट जरासा जरी ढिला असेल ना तर सेटिंगशी कितीही खेळा, काही उपयोग नाही, आणि स्टॅटिक लाइन (उंची मोजायला बाहेरच्या हवेचा दाब आणणारी नळी) गळत नाही ना तेही तपासा. मग सकाळी हवा शांत असताना, भरपूर उंचीवर, हाताने ट्रिम करून, म्हणजे हात सोडले तरी विमान समतल राहील असं करून, मगच होल्ड लावा. भराभर थरथरत असेल तर गेन (ऑटोपायलट किती जोराने दुरुस्ती करतो ते सेटिंग) कमी करा, संथ झोके घेत असेल तर बहुतेक गेन कमी पडतोय, थोडा थोडाच वाढवा. डिसकनेक्ट बटणावर अंगठा हवाच, आणि सर्वोवर हाताने मात करता येते का हे जमिनीवरच स्टिक (विमान चालवायची दांडी) धरून बघायचं, यात हयगय नको.