वाचक विचारतात : पाण्यात तरंगणारे चुंबकी कण

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मॅग्नेटाइटचे (लोखंडाच्या चुंबकी ऑक्साइडचे) नॅनोकण बनवतेय. फेरस आणि फेरिक क्लोराइड १:२ घेतलं, अमोनिया टाकला, झक्क काळा गाळ आला, मॅग्नेटला पटकन चिकटतो. पण धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून परत पाण्यात टाकला की सोनिकेशन (ध्वनिलहरींनी हलवून कण सुटे करणं) करूनही थोड्या वेळात सगळं तळाला. कुठं चुकतंय?

उत्तर : कण छान झालेत गं, चुकतंय ते नंतर. पहिली गोष्ट म्हणजे वाळवू नकोस. इतके बारीक कण एकदा कोरडे झाले की एकमेकांना असे घट्ट धरतात की सोनिकेटरने गठ्ठे थोडे फुटतात पण सुटे कण परत मिळत नाहीत, त्यामुळे धुणं झालं की ओल्या गाळावरच पुढचं काम करायचं.

दुसरं, तू धूत धूत पीएच ७ पर्यंत आणत असणार, सगळे तेच करतात. पण आयर्न ऑक्साइडच्या पृष्ठभागावरचा चार्ज साधारण त्याच भागात शून्याजवळ जातो, म्हणजे कणांना एकमेकांपासून लांब ठेवणारं काही उरतच नाही. नेमका शरीराचा पीएचही ७.४, त्यामुळे उघडे कण औषधाच्या कामाचे नाहीत, त्यांना आवरण हवंच. सगळ्यात सोपं म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. ओल्या गाळात घाल, पीएच ५ च्या आसपास ठेवून ८०-९० अंशाला तासभर ढवळ, मग पीएच वर आण आणि जास्तीचं सायट्रेट डायलिसिसने, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, काढून टाक. सायट्रेटचा एक हात लोखंडाला धरतो, उरलेला निगेटिव्ह चार्ज बाहेर राहतो.

एवढ्यावर खूश होऊन थांबू नकोस हं, तोच नमुना पीबीएसमध्ये (शरीरासारखा खारटपणा आणि पीएच असलेल्या द्रावणात) टाकून बघ. मिठाचे आयन चार्ज झाकून टाकतात आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये महिनोन्महिने टिकणारे कण तिथं बसायला लागू शकतात. म्हणून रक्तात जाणाऱ्या कणांवर डेक्स्ट्रान (साखरेच्या रेणूंची साखळी) किंवा पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) अशा लांब साखळ्या बसवतात, त्या नुसत्या जागा अडवूनच कणांना दूर ठेवतात. आणि रिपोर्टमध्ये फक्त टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) १० नॅनोमीटर आकडा लिहू नकोस, डीएलएसने (विखुरलेल्या प्रकाशावरून मोजून) पाण्यातला साइज बघ, तिथं २०० आला तर ते गठ्ठे आहेत.

कण बनवताना नायट्रोजन सोडत जा म्हणजे फेरस ऑक्सिडाइझ होणार नाही. तरी रंग तपकिरीकडे गेला तर घाबरू नकोस, बहुतेक मॅगहेमाइट (लोखंडाचं आणखी एक ऑक्साइड) झालं असेल, तेही चुंबकीच असतं. एकसारख्या साइजचे कण हवे असतील तर आयर्न ओलिएट (लोखंड आणि ओलिक अ‍ॅसिडचं संयुग) ३०० अंशांच्या वर तापवायची पद्धत आहे, पण त्यातून निघतात तेलात मिसळणारे कण, मग ओलिक अ‍ॅसिडचं आवरण बदलून त्यांना पाण्यात आणायचा वेगळा खटाटोप करावा लागतो. तुझ्या प्रोजेक्टला को-प्रेसिपिटेशन, म्हणजे तुझी अमोनियाची पद्धत, पुरेसं आहे.

प्रश्न : औषध या कणांना चिकटवायचं आणि बाहेरून मॅग्नेट लावून कॅन्सरच्या गाठीपर्यंत ओढायचं, असं वाचलं. मग हे सगळीकडे वापरत का नाहीत?

उत्तर : कल्पना सुंदरच आहे, पण मॅग्नेटची ओढ कणाच्या आकारमानावर ठरते. १०० नॅनोमीटरच्या जागी १० नॅनोमीटरचा कण घेतला तर ओढ हजारपट कमी. वर अंतर वाढलं की फील्ड झपाट्याने घटतं आणि रक्ताचा प्रवाह तर सतत चालूच. त्यात लिव्हरमधल्या कुप्फर पेशी (तिथल्या साफसफाई करणाऱ्या पेशी) बाहेरचे कण दिसले की गिळून टाकतात. मला या क्षेत्रातलं सगळ्यात आवडतं काम याच अडचणीतून आलंय. डेक्स्ट्रानचं आवरण असलेल्या आयर्न ऑक्साइड कणांचं फेरिडेक्स १९९६ मध्ये अमेरिकेत एमआरआयसाठी मंजूर झालं. निरोगी लिव्हर कण खाऊन स्कॅनमध्ये काळं पडतं, गाठीत सहसा कुप्फर पेशी नसतात म्हणून ती उजळ उठून दिसते. पुढे ते बाजारातून गेलं ही गोष्ट वेगळी, विचार मात्र अजूनही शिकण्यासारखा आहे.

चुंबकी कणांनी गाठ तापवून मारायचा मार्ग १९५७ पासून चर्चेत आहे. उलटसुलट बदलणाऱ्या फील्डमध्ये कण गरम होतात. मॅगफोर्स या जर्मन कंपनीच्या पद्धतीला २०१० मध्ये युरोपात ब्रेन ट्यूमरसाठी मान्यता मिळाली, अमिनोसिलेन या रसायनाचं आवरण असलेले कण, जोडीला रेडिओथेरपी. पण तिथंही कण रक्तातून पाठवत नाहीत, थेट गाठीत टोचतात, आणि आधी दातातली धातूची फिलिंगं काढावी लागतात.

प्रश्न : कोविडच्या आरटी-पीसीआरमध्ये मॅग्नेटिक बीड्स वापरायचे, ते हेच का?

उत्तर : त्याच कुळातले. बऱ्याच किटमध्ये सिलिकाचं आवरण असलेले बीड्स असतात, ठरावीक मिठांच्या द्रावणात आरएनए त्यावर बसतं, मॅग्नेटने बीड्स बाजूला धरून बाकीचं धुऊन टाकायचं. शरीराबाहेर लिव्हर आड येत नाही, म्हणून या कणांचा रोजचा सगळ्यात जास्त वापर लॅबमध्येच आहे.

प्रश्न : भावाला किडनीचा त्रास आहे, डॉक्टर आयर्नचं इंजेक्शन म्हणून फेरुमॉक्सिटॉल सुचवतायत. हे नॅनोकण शरीरात साठून राहतात का?

उत्तर : फेरुमॉक्सिटॉल म्हणजे साखरेच्या जातीचं आवरण असलेलं आयर्न ऑक्साइडच, अमेरिकेत २००९ मध्ये किडनीच्या रुग्णांच्या अ‍ॅनिमियासाठी मंजूर झालं. लिव्हर, प्लीहा, बोन मॅरोमधल्या पेशी ते खातात, लोखंड सुटं होतं, काही फेरिटिनमध्ये (लोखंड साठवणाऱ्या प्रथिनात) साठतं, काही हिमोग्लोबिनला लागतं. एक डोस ५१० मिलिग्रॅम लोखंडाचा असतो, आपल्या शरीरात एरवी ३-४ ग्रॅम असतं, म्हणजे डोस लहान नाही, रक्ताचे रिपोर्ट बघूनच द्यायचा. खरी काळजी अ‍ॅलर्जीची आहे. क्वचित होते पण जिवावर बेतू शकते, म्हणून २०१५ मध्ये अमेरिकेत त्यावर कडक इशारा आला. औषध सावकाश, किमान १५ मिनिटं ड्रिपमधून द्यायचं आणि नंतर किमान अर्धा तास नजरेखाली ठेवायचं. आधी कुठल्याही आयर्न इंजेक्शनने त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. आणि इंजेक्शननंतर तीन महिन्यांत एमआरआय करायची वेळ आली तर रेडिओलॉजिस्टला औषधाचं नाव आणि तारीख सांगा, नाहीतर स्कॅनमधला बदल आजाराचा वाटू शकतो.