क्रिएटिव्ह शूटसाठी हौशी मॉडेल निवडताना 'फोटोजेनिक' चेहरा कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात वाड्याच्या थीमवर शूट करायचंय, द्यायला पैसे नाहीत, इन्स्टाग्रामवर आवाहन केल्यावर 40 जणांनी सेल्फी पाठवले आणि आता त्यातून फोटोजेनिक चेहरे निवडायचेत.

सेल्फी बाजूला ठेवा. हात लांब करून अर्ध्या मीटरवरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. 85 एमएमची लेन्स घेऊन दोन मीटरवर उभं राहिलं की तोच चेहरा निराळा दिसतो. प्रत्येकाकडून दोनच गोष्टी मागवा: दुसऱ्या कोणी दोन मीटरवरून, खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता समोरून आणि बाजूने काढलेले फोटो, आणि 15 सेकंदांचा चालतानाचा व्हिडिओ. एवढी सूचना नीट न वाचणारे इथेच गळतात.

'फोटोजेनिक' हा शब्द मला मुळातच मान्य नाही. तो वापरणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा गोरा रंग आणि सरळ नाक असतं. सावळ्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग केलं, म्हणजे फक्त तेवढ्याच भागाचा उजेड मोजला, की कॅमेरा त्याला मधल्या करड्या छटेवर ओढतो आणि त्वचा राखाडी, फिकट पडते. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा करा, मग सागवानी खांबाशेजारी तो चेहरा कसा खुलतो बघा. कॅमेऱ्याचं लाइट मीटर वाचता येत नाही म्हणून मॉडेल नाकारणं हा अन्याय आहे.

खरी निवड 20 मिनिटांच्या चाचणीत होते. माणूस खिडकीपाशी उभा करा, दोन मीटर अंतर, 85 एमएम, ॲपर्चर एफ 1.8. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (35 एमएम फिल्मएवढा सेन्सर) यात पुढून मागे जेमतेम सहा सेंटिमीटरचा पट्टा शार्प मिळतो. त्याला जागेवर उभं राहायला सांगून 10 फ्रेम घ्या आणि जवळचा डोळा झूम करून तपासा. नवखा माणूस वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकतो, डोकं चार सेंटिमीटर पुढे येतं आणि फोकस डोळ्यामागे, कानाकडे सरकतो. सात फ्रेम शार्प आल्या तर माणूस कामाचा. कमी आल्या तर लगेच नापास करू नका, आधी खांदे बघा. क्लिकच्या वेळी श्वास रोखला की खांदे कानांकडे चढतात. 'श्वास सोड, आणि सोडता सोडता थांब' एवढं सांगून पुन्हा 10 घ्या. दुसऱ्या वेळी सुधारला तो घ्या. शिकणारा माणूस सुंदर माणसापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मग हात. हौशी माणसाचे हात चेहऱ्याच्या आधी खोटे पडतात. पोझ सांगू नका, काम द्या: नऊवारीची घडी घालणं, दोरी गुंडाळणं, दिव्याची वात वळणं. कळशी द्यायची तर अर्धी पाण्याने भरून. रिकामी कळशी कडेवर घेतली की कंबर वाकत नाही, मनगट सैल राहतं आणि फोटोत ते लगेच कळतं. पाच मिनिटं थांबून तीच हालचाल तशीच करायला लावा. स्लो शटर (शटर जास्त वेळ उघडं ठेवणं) किंवा मल्टिपल एक्स्पोजर (एकाच फ्रेमवर अनेक फोटो) डोक्यात असेल तर हे जमणं अनिवार्य आहे. 1/4 सेकंदात पदर उडायला हवा, पण चेहरा हलता कामा नये.

अशी माणसं कुठे मिळतात? कथक-भरतनाट्यमच्या वर्गांत, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात आणि पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा करणाऱ्या कॉलेजांच्या नाट्यमंडळांत. करंडकाच्या तालमी चालू असताना विचारू नका, रात्र रात्र जागलेले डोळे मिळतील. ढोल-पथकातल्या मुलामुलींचा दम आणि ताल उत्तम असतो, पण गणपतीच्या आधी दोन महिने तळहातांना फोड असतात, म्हणजे हातांचे क्लोजअप गेले. आणि हो, नाटकवाले शेवटच्या रांगेसाठी भाव मोठे करतात. त्यांना 'निम्मं कर' सांगावं लागतं, ते दोनदा सांगूनही जमत नसेल तर सोडून द्या.

शूटच्या दिवशी: घट्ट मोजे, घड्याळ, मनगटाचे रबर दोन तास आधी काढून ठेवायला सांगा, वळ उतरायला तेवढा वेळ लागतो. फ्लॅश वापरणार असाल तर सनस्क्रीन असलेलं फाउंडेशन नको, त्यातल्या झिंक ऑक्साइडने किंवा टायटॅनियम डायऑक्साइडने चेहरा पांढरा उमटू शकतो. शनिवारवाडा संरक्षित वास्तू आहे, ट्रायपॉड नेण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा.

पैसे नाहीत हे ठीक, पण रिक्षाभाडं आणि जेवण तुमचंच. किती एडिट केलेले फोटो, कोणत्या तारखेला, हे आधी लिहून द्या. 10 फोटो 15 दिवसांत हे मला रास्त वाटतं. 'एक्स्पोजर मिळेल', म्हणजे पैशांऐवजी प्रसिद्धी मिळेल, हे वाक्य उच्चारू नका. फोटो कुठे वापरणार हे रिलीज फॉर्मवर, म्हणजे मॉडेलच्या संमतीपत्रावर लिहा. मॉडेल 18 वर्षांखालचा असेल तर पालकांची सही हवीच, त्याच्या स्वतःच्या सहीने करार होत नाही. मुलींना 'सोबत कोणाला आणू नका' म्हणणाऱ्या फोटोग्राफरांशी माझं कधीच पटलेलं नाही. सोबत आलेल्या मैत्रिणीच्या हातात रिफ्लेक्टर द्या. पदर सरळ करायचा असेल तर तिलाच सांगा, तुम्ही कॅमेऱ्यामागेच थांबा.