गांजे येथील पाणीपातळी पाहून गोव्यातील म्हादई नदीत उस्ते ते सोनाळ कयाकिंग करावे की नाही, हे ठरवता येते का?

होय, अंदाज येतो. मात्र नुसत्या आकड्यापेक्षा पाणी तासागणिक चढते आहे की ओसरते आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. केंद्रीय जल आयोग पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये देतो, म्हणून ती पाण्याची खोली समजू नये (नवखे हमखास इथेच फसतात). शिवाय गांजे सोनाळच्या खालच्या अंगाला असल्याने घाटात कोसळलेल्या पावसाचा लोंढा आधी उस्त्याला पोहोचतो आणि गांजेच्या मोजपट्टीवर नंतर दिसतो. त्यामुळे पातळी स्थिर दिसली तरी घाटमाथ्यावरील पाऊस तपासावा. पाणी गढूळ होऊन काठालगतचा ओळखीचा खडक बुडू लागला असेल, तर मोजपट्टी काहीही सांगो, कयाक पाण्यात घालू नये.