कंबरदुखी आणि कायरोप्रॅक्टिक : काय मिळू शकते, काय मिळत नाही

आपण दिलेल्या माहितीवरून मला समजलेले असे : वय ४१, न्यू जर्सीत संगणकापुढे बसून करायचे काम, दोन महिन्यांपासून कंबरेच्या खालच्या भागात दुखणे आणि सकाळी उठताना ताठरपणा. पायात कळ जात नाही, मुंग्याही येत नाहीत. एमआरआयच्या अहवालात चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्यांमधील गादी किंचित बाहेर आल्याची नोंद आहे. कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हाताने मणक्यांना झटके देऊन उपचार करणाऱ्याने, एक्स-रे काढून ‘तीन मणके जागेवरून हलले आहेत’ असे सांगितले आणि पैसे आगाऊ भरून ३६ भेटींचे पॅकेज घेण्यास सुचवले. आई मात्र पट्टा बांधून पडून राहा म्हणते. अशा वेळी काय करावे, हा आपला प्रश्न आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी पुण्यात आणि नंतर अमेरिकेत कायरोप्रॅक्टरांबरोबर एकाच क्लिनिकमध्ये बराच काळ काम केलेले आहे. माझे मत थोडक्यात असे की चार ते सहा भेटी घेऊन पाहण्यास हरकत नाही, पॅकेज घेऊ नये, आणि मणके हलल्याचे निदान मनावर घेऊ नये.

या मताला एक अट आहे. लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा सुटणे, जांघेत आणि बसण्याच्या जागेवर बधिरपणा येणे, पायातली शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर कोणाकडूनही पाठ दाबून न घेता त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडण्याचा मोठा अपघात, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स किंवा ठिसूळ झालेली हाडे असतील तर आधी डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी. भारतात वाढलेल्या माणसाच्या बाबतीत मी यात मणक्याच्या क्षयरोगाचीही भर घालते, कारण तो कित्येकदा खोकल्याशिवाय, केवळ पाठदुखी आणि संध्याकाळच्या बारीक तापाच्या रूपाने पुढे येतो आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांना तो चटकन सुचेलच असे नाही. आपल्या वर्णनात यातले काही दिसत नाही, म्हणून पुढचे लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यांपैकी साधारण ९० टक्के लोकांच्या दुखण्यामागे एखादा ठरावीक आजार किंवा इजा बोट ठेवून दाखवता येत नाही. दुखणे खरेच असते. पण ते स्नायू, अस्थिबंध, मणक्यांचे मागचे छोटे सांधे आणि गादी यांपैकी नेमके कोठून येते हे सांगण्याइतकी आपली साधने अचूक नाहीत. त्यात झोप, ताण आणि हालचालीची भीती यांचाही वाटा असतो. मग एमआरआयमधल्या त्या नोंदीचे काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांना पाठीचा काहीही त्रास नाही अशा ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र अभ्यासले गेले. चाळीस वर्षे वयाच्या, कोणतीही तक्रार नसलेल्या लोकांपैकी निम्म्यांची गादी बाहेर आलेली होती आणि ६८ टक्के लोकांच्या गादीची झीज झालेली होती. ‘गादी सरकली’ हे शब्द आपल्याकडे एखाद्या शिक्षेसारखे उच्चारले जातात, आणि ती धास्ती घेतलेला माणूस वाकायचे सोडतो, चालणे कमी करतो आणि त्यामुळेच अधिक आखडतो. आपला अहवाल आपल्या वयाला साजेसा आहे. पायात कळ नसताना त्याला याहून जास्त महत्त्व देऊ नये.

‘मणके हलले’ या भाषेचे मूळ मात्र निराळे आहे. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी झाली. डी. डी. पामर नावाच्या, तोवर चुंबकीय उपचार करणाऱ्या गृहस्थांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबून त्याचे बहिरेपण घालवल्याचा दावा केला. त्यावरून, मणके किंचित सरकल्याने मज्जातंतूंचा प्रवाह अडतो आणि बहुतेक सगळे आजार त्यातूनच होतात, असा सिद्धान्त उभा राहिला. त्या कल्पित सरकण्याला ते सब्लक्सेशन म्हणतात. आज या व्यवसायात सरळ दोन घरे आहेत. एक घर हा सिद्धान्त बाजूला ठेवून सांधे आणि स्नायूंवर पुराव्याच्या आधारे उपचार करते. दुसरे अजून त्याच पायावर उभे आहे. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० साली स्पष्ट केले की सब्लक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि ती रोगाचे कारण असल्याला वैद्यकीय संशोधनाचा आधार नाही. आपल्याला भेटलेले गृहस्थ कोणत्या घरातले असावेत हे त्यांच्या निदानावरून कळते.

टेबलावर प्रत्यक्षात घडते ते असे. आपल्याला कुशीवर वळवून, वरचा गुडघा वाकवून, कंबरेला एक छोटा, वेगवान झटका दिला जातो आणि बहुधा ‘कट्’ असा आवाज येतो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. दोन पृष्ठभाग एकाएकी अलग झाले की आतला दाब उतरतो आणि द्रवात विरघळलेल्या वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५ साली बोटाचा सांधा मोडतानाची एमआरआय दृश्ये टिपली गेली, त्यांत ही पोकळी स्पष्ट दिसते. हाड जागेवर बसल्याचा हा आवाज नाही. स्वीडिश संशोधकांनी १९९८ साली कण्याला ओटीपोटाच्या हाडांशी जोडणाऱ्या सांध्यावर झटका देण्याच्या आधीची आणि नंतरची स्थिती अतिशय सूक्ष्म क्ष-किरण मापनाने तपासली, तेव्हा हाडांच्या जागेत काहीच फरक आढळला नाही. तपासणाऱ्यांच्या हातांना मात्र सांधा सुधारल्यासारखा जाणवला होता.

तरीही टेबलावरून उतरणाऱ्या माणसाला हलके वाटते, आणि ते थोतांड नाही. वेगवान ताणामुळे सांध्यातून आणि स्नायूंतून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या संदेशांचा लोंढा बदलतो, आवळलेले स्नायू काही काळ सैल पडतात, दुखण्याची पातळी उतरते आणि जी हालचाल करायला माणूस घाबरत होता ती करता येते. शिवाय कोणीतरी लक्ष देऊन हात लावला, याचाही परिणाम असतोच. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेत; त्यातून ज्यांना बरे वाटले ते खोटे बोलत होते असे मला कधीच वाटले नाही. अर्थात उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते, हेही पायाळूच्या पथ्यावर पडत असे.

फायदा किती, याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीवरील २६ चाचण्यांचा २०१७ सालचा आढावा सांगतो की सहा आठवड्यांपर्यंत वेदनेत शंभरपैकी साधारण दहा गुणांची घट होते. जुनाट कंबरदुखीवरील ४७ चाचण्यांचा २०१९ सालचा आढावा सांगतो की परिणाम व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच आहे, त्यांहून सरस नाही. अमेरिकी सैन्यातल्या ७५० जणांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या वैद्यकीय उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड मिळालेल्यांना सहा आठवड्यांनी अधिक आराम होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही जुनाट कंबरदुखीसाठी मणक्यावरील हस्तोपचाराला, म्हणजे हाताने झटका देण्याच्या उपचाराला, जागा आहे, पण ती शिक्षण, व्यायाम आणि मानसिक आधार यांच्या जोडीने. ब्रिटनच्या २०१६ च्या सूचना अधिक कडक आहेत : हस्तोपचार द्यायचा तर व्यायामाच्या सोबतच. थोडक्यात, मदत मध्यम स्वरूपाची, पण विश्वासार्ह आहे.

आता पॅकेज. मध्यम स्वरूपाचा परिणाम काही आठवड्यांत दिसतो किंवा दिसत नाही. ३६ भेटींची गरज पहिल्याच दिवशी कोणालाही सांगता येत नाही. तीन महिन्यांत दुखणे स्वतःहून ओसरण्याची शक्यता चांगली असते, आणि तसे झाले तर श्रेय पॅकेजला मिळते. हिशेबाने वागणारा कायरोप्रॅक्टर चार ते सहा भेटी सुचवतो, मग पुन्हा तपासतो आणि सुधारणा नसेल तर थांबतो किंवा डॉक्टरांकडे पाठवतो. अमेरिकेतल्या ज्येष्ठांचा मेडिकेअर विमासुद्धा केवळ ‘देखभाल’ म्हणून चालू ठेवलेल्या भेटींचे पैसे देत नाही. आपल्या विम्यात किती भेटी बसतात ते आधी विचारून घ्यावे, आणि प्रत्येक भेटीचे पैसे त्या त्या वेळी द्यावेत. मोजमाप आवाजाचे किंवा त्या संध्याकाळच्या हलकेपणाचे ठेवू नये. किती मिनिटे सलग बसता येते, मोजे वाकून घालता येतात का, रात्री कूस बदलताना जाग येते का, हे पहिल्या भेटीआधी लिहून ठेवावे आणि चौथ्या भेटीनंतर ताडून पाहावे. झटक्यानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे सामान्य आहे. पायात नवी कळ उतरणे सामान्य नाही.

आईंना आदरपूर्वक सांगावे की पडून राहण्याने कंबर अधिक आखडते आणि जुनाट दुखण्यात पट्ट्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टपणे नाकारलेली आहे. त्यांचा शेक मात्र जरूर घ्यावा. चालणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपचार आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी ज्यांना मार्गदर्शनासह टप्प्याटप्प्याने चालणे वाढवायला सांगितले, त्यांच्यातल्या निम्म्यांचे दुखणे उलटायला २०८ दिवस लागले. इतरांमधल्या निम्म्यांचे ११२ दिवसांतच उलटले. आपण अजून बरे झालेले नसलात तरी दहा मिनिटांपासून आजच सुरुवात करता येईल. दर अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीतून उठावे, आणि कंबर व नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम एकदा समोरासमोर शिकून घ्यावेत.

सुट्टीत पुण्याला गेल्यावर उपचार चालू ठेवण्याबद्दलही आपण विचारले आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना असतो. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी तशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटीवरच्या शब्दावरून शिक्षणाचा अंदाज बांधता येत नाही. पदवी कोठून घेतली हे विचारावे, किंवा तेवढे दिवस चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जावे.

शेवटचे मानेबद्दल. कंबरेच्या तक्रारीसाठी गेलेल्याची मानही ‘जाता जाता’ मोडून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. मानेला झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. त्या फार विरळ आहेत, पण आपल्याला मानेची तक्रारच नसताना तेवढाही धोका पत्करण्याचे कारण नाही. टेबलावर झोपण्यापूर्वीच, संमतीपत्रावर सही करताना, मानेला हात लावू नये असे सांगून ते लिहूनही घ्यावे.